रोस्तोकी : प्रागच्या वेशीवरचं गाव, स्टेशन खाली आणि घरं वर

डोंगरउतार

प्रागवर मराठीत जे काही वाचायला मिळतं ते चार्ल्स पुलावर सुरू होतं आणि जुन्या चौकातल्या घड्याळापाशी संपतं. प्रागमध्ये नोकरी करणारे आम्ही बरेचजण मात्र प्रागमध्ये राहतच नाही. भाडी परवडत नाहीत, परवडली तर घर छोटं, आणि मुलं झाली की झाडंबिडं हवीशी वाटतात. मग लोक आजूबाजूच्या गावांत सरकतात. मी ज्या गावात सरकले त्याबद्दल हा धागा.

गावाचं नाव रोस्तोकी. प्रागच्या उत्तरेला, व्लतावाच्या डाव्या तीरावर, राजधानीच्या हद्दीला अगदी खेटून. वस्ती साडेआठ-नऊ हजारांची. मासारिक स्टेशनवरून एस-४ लोकल पकडली तर वीसेक मिनिटांत उतरता येतं. मेट्रोवाल्यांनी देयवित्सेला यायचं आणि ३४० नंबरची बस धरायची.

आता भूगोल. तो कळल्याशिवाय इतिहास कळत नाही, निदान मला तरी असंच उमगलं. व्लतावा प्रागमध्ये ऐसपैस वाहते, पण शहर सोडून उत्तरेला निघाली की जुन्या, कठीण खडकात कोरलेल्या अरुंद दरीत शिरते. दोन्ही बाजूंना कडे. रोस्तोकीपाशी डाव्या तीरावर थोडी सपाटी मिळते, कारण पश्चिमेकडून ऊन्येतित्सेचा ओढा येऊन इथे नदीला मिळतो. ओढ्याच्या त्या खोऱ्याला 'तिखे ऊदोली' म्हणतात, म्हणजे शांत खोरं. समोरच्या तीरावर मात्र सरळ कातळ, आणि मध्ये पूल नाही. प्राग सोडलं की गाडीचा पूल थेट क्रालुपीला. चालत जाणाऱ्यांसाठी वाटेत र्झेझ गावाशी एक पादचारी पूल आहे, आणि आमच्याकडून समोरच्या क्लेत्सांकीला एक फेरीबोट जाते. माणसं आणि सायकली नेते, मोटार नाही.

म्हणजे गाव दोन मजली आहे. खालच्या मजल्यावर नदी, रेल्वे, प्रागचा रस्ता, स्टेशन, जुनी गढी आणि औषधांचा कारखाना. वरच्या मजल्यावर पठार : शाळा, चौक, दुकानं, सोल्नीकीसारख्या नव्या वसाहती, आणि बहुतेक सगळी माणसं. मध्ये चढ. सकाळी सगळे उतरतात, संध्याकाळी पिशव्या घेऊन चढतात. नवीन आलेला माणूस पहिल्या हिवाळ्यातच बर्फावर चालायचे बूट घेतो, आणि घर बघायला आलेल्यांना दलाल नेहमी गाडीतून वर आणतो, स्टेशनवरून चालवत नाही.

गंमत अशी की इथे जे जे घडलं ते कधी खालच्या मजल्यावर घडलं, कधी वरच्या. आणि दर वेळी त्याला कारण होतं. सहाव्या शतकात स्लाव लोक या भागात पहिल्यांदा स्थिरावले तेव्हा ते खाली, अगदी नदीकाठी राहिले. इथल्या उत्खननांत जमिनीत अर्धवट खणलेली त्यांची शेकडो घरं सापडली. चौकोनी खड्डा, वर छप्पर, एका कोपऱ्यात दगडी चूल. त्या काळातली एवढी मोठी वस्ती युरोपात क्वचितच सापडली आहे. त्यानंतर तीनशे वर्षांनी त्यांच्यावर राज्य करणारा राजा मात्र वर, कड्याच्या टोकावर तटबंदी करून बसला. तिथे आज लेवी ह्रादेत्स नावाची जागा आहे आणि तिथेच बोहेमियातलं, म्हणजे चेक देशाच्या या पश्चिम भागातलं, पहिलं चर्च उभं राहिलं.

बाकी पुढे लिहिते. पोरगी झोपत नाहीये.

निवांत पाटील

वाचतोय. धागा वाचनखुणांत टाकला. गढीबद्दल पण येऊ द्या.

कडूलिंब

ताई, राग मानू नका, पण मी ब्रनोला आठ वर्षं काढली आहेत आणि अशी गावं पुष्कळ पाहिली आहेत. चेक लोक स्वतःच त्यांना रात्री टेकायची जागा म्हणतात. सकाळी रिकामं, रात्री भरलेलं. प्रत्येक गावाला एखादं चर्च, एखादी गढी, पुढ्यात पाटी आणि पाटीवर चार ओळी असतातच. म्हणून गावाला इतिहास आहे असं होत नाही. प्रागचं बदलापूर म्हणा आणि सोडून द्या.

डोंगरउतार

@कडूलिंब, राग कसला. पण बदलापूरकरांना तरी हे कुठे आवडणार आहे?

तुमचा मुद्दा निम्मा खरा आहे. गेल्या तीसेक वर्षांत वर जी घरं झाली ती प्रागला जाऊन येणाऱ्यांचीच. पण या गावाचं प्रागशी जाणं-येणं १९९० नंतर सुरू झालं नाही. ते सुरू झालं १८५० मध्ये.

त्या वर्षी १ जूनला प्राग ते लोवोसित्से रेल्वे सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी ती ड्रेस्डेनपर्यंत जोडली गेली. मार्ग कुठून न्यायचा हा प्रश्नच नव्हता. दरीतून, पाण्याच्या कडेने, चढ टाळत. प्रागमधून बाहेर पडताना नदीची दोन पात्रं आणि मधलं बेट ओलांडायला नेग्रेलीने अकराशे मीटर लांबीचा दगडी पूल बांधला. आलोइस नेग्रेली म्हणजे सुएझ कालव्याच्या आखणीत ज्याचा हात होता तोच. तो पूल आजही वापरात आहे. २०१७ ते २०२० त्याची मोठी दुरुस्ती झाली, तेवढी वर्षं आमच्या गाड्यांची फरपट झाली. आता पुन्हा आम्ही रोज त्याच्यावरून कामाला जातो आणि बहुतेकजण तेव्हा मोबाईलमध्ये असतात.

रेल्वे आली आणि प्रागच्या पैसेवाल्यांना तिखे ऊदोलीचा शोध लागला. उन्हाळ्यात शहर तापतं, ओढ्याकाठी गारवा. मग बंगले उठले. लाकडी व्हरांडे, नक्षीच्या पट्ट्या, टोकदार छपरं. आज त्या रस्त्याने गेलात तर यातले काही बंगले नीटनेटके रंगवलेले दिसतात, काहींच्या व्हरांड्याची लाकडं काळी पडून मोडायला आलेली. म्हणजे पहिले प्रवासी खालच्या मजल्यावर राहायला आले, ओढ्याच्या कडेला, आणि ते फक्त उन्हाळ्यापुरते. कायमचे लोक मागाहून आले आणि वर चढले.

झ्देन्का ब्राउनेरोव्हा हे नाव ऐकलंय का? चित्रकार. जन्म १८५८, मृत्यू १९३४. वडील फ्रांतिशेक ब्राउनेर हे त्या काळातले मोठे चेक राजकारणी, आणि त्यांची इथे ओढ्यावर पाणचक्की होती. बाईंनी पॅरिसमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, बहिणीने फ्रेंच लेखकाशी लग्न केलं, १९०२ मध्ये शिल्पकार रोदँ चेक प्रदेशात आला तेव्हा त्याला हिंडवण्यात ह्या पुढे. जुन्या प्रागमधल्या वाड्या-गल्ल्या पाडायला लागले तेव्हा त्या पाडण्याविरुद्ध ज्या लोकांनी आवाज उठवला त्यातही ह्या होत्या. आणि एवढं सगळं करून स्वतःचा स्टुडिओ कुठे बांधला, तर रोस्तोकीला, चक्कीजवळ. त्या काळात एकट्या बाईने स्वतःच्या कामासाठी घर बांधणं ही काय चीज असेल, विचार करा. लग्न केलं नाही. गावातल्या संग्रहालयात त्यांची चित्रं पाहता येतात.

@निवांत पाटील, ते संग्रहालय म्हणजेच गढी. मध्ययुगात ही पाण्याने वेढलेली लहान गढी होती, पुढे रेनेसाँच्या काळात तिचं रूप बदललं, आता मध्य बोहेमियाचं संग्रहालय तिथे आहे. खालच्या मजल्यावर असल्याची किंमत तिने २००२ च्या ऑगस्टमध्ये मोजली. त्या पुरात प्रागला व्लतावाचा विसर्ग सेकंदाला ५,१६० घनमीटरपर्यंत गेला होता. दरी अरुंद, पाणी पसरणार कुठे? आवारात शिरलं.

हेमाडपंथी

उत्तम धागा. लेवी ह्रादेत्सबद्दल थोडी भर घालतो, कारण ती जागा चार ओळींच्या पाटीत मावणारी नाही.

बोर्झिवोय हा बोहेमियावर राज्य करणाऱ्या प्रेमिसल घराण्याचा पहिला राजा ज्याच्याबद्दल इतिहास काहीतरी ठामपणे सांगू शकतो. नवव्या शतकाचा उत्तरार्ध. तेव्हा खरी सत्ता पूर्वेकडे मोराव्हियात, स्वातोप्लुकच्या हातात. दहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका संतचरित्रात गोष्ट येते की बोर्झिवोय स्वातोप्लुकच्या दरबारी गेला, मान मिळाला, पण जेवायची वेळ झाली तेव्हा त्याला मेजावर जागा नाही. ख्रिश्चनांच्या पंगतीत मूर्तिपूजक कसा बसणार? त्याला मेजासमोर जमिनीवर बसवलं. बिशप मेथोडियसला ते पाहवलं नाही. तो म्हणाला, एवढा मोठा माणूस तू, आणि डुकरं राखणाऱ्यांसारखा खाली बसतोस? बोर्झिवोयने विचारलं, बाप्तिस्मा घेतला तर मला काय मिळेल? मेथोडियसने सांगितलं, तुझ्या मालकांचा मालक होशील. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा.

आता ही गोष्ट शंभर वर्षांनी लिहिलेली आहे, तेव्हा संवाद शब्दशः धरायचे नाहीत. पण पंगतीतली जागा हा धर्मांतराचा मुद्दा म्हणून लिहिणाऱ्याला पटला आणि वाचणाऱ्यांनाही पटला, हे महत्त्वाचं. आपल्याला तर लगेचच पटेल.

परत आल्यावर त्याने लेवी ह्रादेत्सवर संत क्लेमेंटचं चर्च बांधलं. क्लेमेंटच का? कारण त्याचे अवशेष मेथोडियस आणि त्याचा भाऊ सिरिल यांनी क्राइमियातून आणले होते, तो त्यांच्या मोहिमेचा संत. लोकांनी बंड केलं, बोर्झिवोयला पळावं लागलं, आणि परत गादी मिळाल्यावर त्याने दुसरं चर्च बांधलं ते प्रागच्या टेकडीवर. नवव्या शतकाच्या अखेरीला राजधानीच तिकडे हलली. एवढंच म्हणेन की 'लेवी ह्रादेत्स प्रागहून जुनं' असं सरसकट कोणी म्हणू नये. प्रागच्या भूमीवर माणसं त्याआधीही नांदत होतीच. राजाचं बस्तान आधी इथे होतं, मग तिथे गेलं, इतकं बरोबर.

आणि एक तारीख : १९ फेब्रुवारी ९८२. त्या दिवशी वोय्त्येख याला प्रागचा दुसरा बिशप म्हणून निवडलं, आणि ती निवड प्रागमध्ये नाही, लेवी ह्रादेत्सवर झाली. हाच पुढे ९९७ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर प्रशियनांकडून मारला गेला आणि संत आडाल्बर्ट म्हणून पोलंडपासून हंगेरीपर्यंत पूजला गेला. राजधानी हलून शंभर वर्षं झाली तरी महत्त्वाचं काम करायला लोक जुन्या जागीच आले, यातून त्या जागेचा मान कळतो.

निवांत पाटील

मूळ चर्च अजून उभं आहे का?

हेमाडपंथी

नाही. ते गोल आकाराचं होतं, रोटुंडा. आजचं चर्च त्याच्यावर नंतर बांधलेलं. इव्हान बोर्कोव्स्की या पुरातत्त्वज्ञाने १९४० च्या दशकात इथे खोदकाम केलं तेव्हा जमिनीखाली रोटुंडाचा पाया मिळाला. तोही मजेशीर माणूस, मूळचा युक्रेनकडचा, आणि चेक राष्ट्राच्या उगमाचे सगळ्यात महत्त्वाचे दगड त्याच्या कुदळीला लागले. आतल्या भिंतींवर चौदाव्या शतकातली चित्रं आहेत, ती चुकवू नका.

डोंगरउतार

@हेमाडपंथी, सुंदर. पंगतीची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली.

मी वर राहते तिथून लेवी ह्रादेत्स चालत जाण्यासारखं आहे. लोक तिथे कुत्री फिरवतात, मुलं तटबंदीच्या मातीच्या उंचवट्यावरून घसरगुंडी करतात. तटबंदी म्हणजे आता गवताळ बांध, कोणी सांगितलं नाही तर शेताचा बांध वाटेल. टोकावर उभं राहिलं की खाली नदीचं वळण आणि रूळ दिसतात, आणि ही जागा का निवडली ते कोणी समजावून सांगावं लागत नाही. तीन बाजूंनी उतार, चौथ्या बाजूला बांध घातला की काम झालं.

आणखी मागे जायचं तर एक डॉक्टर. चेन्येक रीझ्नर. एकोणिसाव्या शतकात रोस्तोकीत डॉक्टरकी करायचे आणि फावल्या वेळात जमीन खणायचे. शेजारच्या ऊन्येतित्से गावात त्यांना १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून एक दफनभूमी मिळाली, सांगाडे उजव्या कुशीवर, पाय पोटाशी घेतलेले, डोकं दक्षिणेला आणि तोंड पूर्वेला. शेजारी काशाच्या वस्तू. त्या गावावरून मध्य युरोपातल्या सुरुवातीच्या कांस्ययुगाच्या एका संपूर्ण संस्कृतीला नाव मिळालं, साधारण इसवी सनापूर्वी २३०० ते १६००. जर्मनीत सापडलेली ती प्रसिद्ध नेब्राची तबकडी, सोन्याचे सूर्य-चंद्र-तारे जडवलेली, ती याच संस्कृतीची. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला जगात कुठेही 'ऊन्येतित्से' शब्द शिकावा लागतो, आणि आमच्या इथे तो शब्द ऐकला की लोकांना आधी बिअर आठवते. तिथली ब्रुअरी १७१० सालची, कम्युनिस्टांच्या काळात बंद पडली आणि २०११ मध्ये पुन्हा सुरू झाली. रविवारी दुपारी तिखे ऊदोलीतून चालत जाणारे दहापैकी नऊजण कांस्ययुगासाठी जात नाहीत.

पिंपरीचा मोरू

पहिल्या पोस्टमध्ये 'औषधांचा कारखाना' वाचलं आणि थांबलो. हा तोच पेनिसिलीनचा का?

माझं लहानपण हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीत गेलं. वडील तिथे फर्मेंटेशनला. त्यांच्या तोंडी चेकोस्लोव्हाकियाच्या पेनिसिलीनचा उल्लेख असायचा, म्हणून विचारतो.

डोंगरउतार

@पिंपरीचा मोरू, हो, तोच!

महायुद्धानंतर अन्रा म्हणून संयुक्त राष्ट्रांची मदत-पुनर्वसन संस्था होती. तिने उद्ध्वस्त देशांना पेनिसिलीनचे छोटे कारखाने द्यायचं ठरवलं. चेकोस्लोव्हाकियाचा कारखाना रोस्तोकीला आला, इथे नदीकाठी, आणि १९४९ मध्ये उत्पादन सुरू झालं. चेक लोक या बाबतीत कोरे नव्हते. नाझींच्या ताब्यात असताना प्रागच्या फ्राग्नर कंपनीत काही शास्त्रज्ञांनी गुपचूप स्वतःचं पेनिसिलीन बनवलं होतं, 'मायकोइन' नावाने. पण प्रयोगशाळेतल्या बाटल्या वेगळ्या आणि कारखाना वेगळा.

पिंपरीचा मोरू

अगदी. यातली मेख सांगतो. बुरशी टाकीत वाढवणं हा अर्धाच भाग. मक्याच्या स्टार्चच्या उद्योगातून उरणारं पाणी, साखर, निर्जंतुक हवा, ढवळणं, हे जमतं. खरी कसोटी पेनिसिलीन त्या रश्श्यातून बाहेर काढताना. ते द्रावकात (सॉल्व्हंटमध्ये) यावं म्हणून रस्सा आंबट करावा लागतो, आणि आंबट झाला की पेनिसिलीन भराभर मोडायला लागतं. म्हणजे थंड ठेवायचं आणि पटकन उरकायचं. त्यासाठी गरगर फिरणारी खास एक्स्ट्रॅक्टर यंत्रं लागतात, पोडबिएल्नियाक नावाची, अमेरिकन. वडील 'पोडबी' म्हणायचे. ती बंद पडली की घरी उशिरा यायचे आणि कपड्यांना तो वास असायचा, सॉल्व्हंटचा, गोडसर. आई कपडे बाहेरच्या दोरीवर वेगळे टाकायची.

शीतयुद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेने ही यंत्रं पूर्व युरोपातल्या कारखान्यांना द्यायला नकार दिला होता. मदतीतली बाकी यंत्रसामग्री पोचली आणि नेमकं हेच अडलं. चेकोस्लोव्हाकियाने जागतिक आरोग्य संघटनेत यावरून तक्रारी केल्या आणि १९५० मध्ये संघटनेच्या कामातून अंगच काढून घेतलं.

पिंपरीचा धागा असा जुळतो : अन्रा गुंडाळली तेव्हा तिचा उरलेला पैसा युनिसेफला मिळाला. १९५४ मध्ये पिंपरीचा हा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला तो युनिसेफच्या यंत्रांवर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांवर, १९५५ मध्ये उत्पादन सुरू. तुमचं रोस्तोकी आणि आमची पिंपरी एकाच विचारातून निघालेली भावंडं म्हणायला हरकत नाही : औषध फुकट वाटण्यापेक्षा कारखाना द्या. थोरल्या भावाला यंत्र अडलं, धाकट्याला मिळालं, एवढाच फरक.

कडूलिंब

हे मात्र मला माहीत नव्हतं. पण मोरूशेठ, कारखाना आहे म्हणजे लोक गावातच कामाला होते ना? मग 'रोज प्रागला जाणारं गाव' हे तरी खरं का?

डोंगरउतार

दोन्ही खरं. कारखान्याने आणि त्याला जोडून उभ्या राहिलेल्या अँटिबायोटिक्सच्या संशोधन संस्थेने उलट्या दिशेची गर्दी आणली. सकाळी प्रागहून केमिस्ट इकडे यायचे आणि इकडून बाकीचे तिकडे जायचे. आमच्या घराखाली राहणाऱ्या आजी त्या संस्थेत बुरशीच्या कल्चर सांभाळायच्या. अजूनही फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख आणि आद्याक्षरं लिहितात, जॅमवरसुद्धा.

चिकित्सक काकू

अगं, रोस्तोकी नाव कुठेतरी वाचलंय असं सारखं वाटत होतं. युद्धाच्या शेवटी कैद्यांची गाडी थांबली होती ते हेच स्टेशन का?

डोंगरउतार

हो काकू, हेच.

२९ एप्रिल १९४५, रविवार. लितोम्येर्झित्सेच्या नाझी छळछावणीतून निघालेली गाडी, साधारण चार हजार कैदी, बरेचसे उघड्या कोळशाच्या डब्यांत. दरीतला हाच मार्ग असल्यामुळे ती रोस्तोकीला येऊन थांबली. स्टेशनवरच्या रेल्वेवाल्यांनी ती थांबवून धरायला निमित्तं काढली, आणि तोवर गाव वरून खाली उतरलं. सूप, ब्रेड, कपडे, औषधं. नाझींच्या एसएस दलाचे शिपाई बंदुका घेऊन उभे असताना. आजाऱ्यांना उतरवून घेतलं, गोंधळात कैदी रुळांवरून निसटले, लोकांनी त्यांना घरांत, तळघरांत लपवलं. असे शेकड्यांनी लोक त्या दिवशी सुटले. बाकीच्यांना घेऊन गाडी प्रागला आणि पुढे दक्षिणेला गेली, आणि ८ मे रोजी वेलेशीनपाशी उरलेले मोकळे झाले. तेव्हाचे फोटो आहेत. पट्ट्यांचे कपडे, हातात पत्र्याचे डबे, आणि मागे तेच कडे जे मी रोज गाडीची वाट बघताना बघते.

हे सगळं युद्ध संपायच्या नऊ दिवस आधी. प्रागचा उठावही अजून झालेला नव्हता, तो ५ मेचा. आमच्या नगरपालिकेच्या चौकाला त्याच तारखेचं नाव आहे.

चिकित्सक काकू

वाचून गप्प झाले. त्या रेल्वेवाल्यांचं मला फार वाटतं. कोणीतरी 'इंजिन तयार नाही' म्हणत राहायचं, पुन्हा पुन्हा, तोंड सरळ ठेवून.

सांजवात_प्राग

एवढं सगळं थोर चाललंय त्यात मी आपली व्यवहाराची गोष्ट विचारते. आम्ही दोघं रोस्तोकीचा विचार करतोय, मुलगा तीन वर्षांचा होईल. बालवाडीत जागा मिळते का? आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात प्रागभोवतीच्या गावांत मारामार आहे.

डोंगरउतार

@सांजवात_प्राग, मारामार आहे, आणि तिचं कारणही आहे. इथे राज्याच्या कररकमेतला गावाचा वाटा मुख्यतः त्या गावात नोंद असलेल्या डोक्यांवर ठरतो. आता होतं काय, माणूस प्रागमधून इथे राहायला येतो पण नोंदणी प्रागमध्येच ठेवतो, पार्किंगच्या परवान्यासाठी, नाहीतर निव्वळ आळसाने. तो इथल्या रस्त्यावर चालतो, इथे कचरा टाकतो, पोरं इथल्या शाळेत घालू म्हणतो, आणि त्याच्या नावचे पैसे प्रागला जातात. त्यामुळे नगरपालिका घसा कोरडा करून सांगते की बाबांनो नोंद करा. शाळा-बालवाडीत प्राधान्य नोंद असलेल्या मुलांना. तेव्हा भाडेकरार करतानाच घरमालकाला विचारा की पत्ता नोंदवायला त्याची हरकत नाही ना. काहीजण नाही म्हणतात. तसं असेल तर ते घर घेऊच नका.

आणि एक विनोद ऐका. ओळखपत्र, वाहन परवाना असल्या मोठ्या कामांसाठी रोस्तोकी चेर्नोशित्से नगरपालिकेच्या अखत्यारीत येतं. चेर्नोशित्से प्रागच्या पार दक्षिणेला, आम्ही उत्तरेला, मध्ये अख्खी राजधानी. मग रोस्तोकीकराने करायचं काय? तर चेर्नोशित्सेने आपलं कार्यालय प्रागच्या मध्यात थाटलंय. म्हणजे एका गावातला माणूस दुसऱ्या गावाच्या कचेरीत जायला तिसऱ्या गावात जातो. प्रागभोवतीची गावं एकमेकांशी नीट जोडलेलीच नाहीत, सगळे रस्ते आत जातात.

सांजवात_प्राग

हाहा. नोंदणीचं लक्षात ठेवते. गाडी ठेवावी का?

डोंगरउतार

ठेवायची तर रविवारसाठी ठेवा. प्रागला जायचा नदीकाठचा रस्ता रूळ आणि कडा यांच्यामध्ये चेपलेला आहे, सेदलेत्सपाशी सकाळी तुंबतो. शेजारून लोकल निघून जाते आणि ड्रायव्हर बघत बसतात.

कडूलिंब

मग रिंगरोड होणार आहे ना? तो झाला की सुटलात.

डोंगरउतार

@कडूलिंब, अहो, आता कुठे तुम्ही गावाचा खरा इतिहास काढलात. तो वर्तुळाकार महामार्ग उत्तरेला नेमका व्लतावाच्या दरीपाशी तुटलेला आहे. एक आखणी शेजारच्या, प्रागच्या हद्दीतल्या सुखदोलवरून, दुसरी त्याच्या उत्तरेकडून, आमच्या बाजूने. सुखदोलवाल्यांना ती आमच्याकडे हवी, आम्हाला ती सुखदोलला. सरकारी कागदांत सुखदोलची आखणी पुढे गेली, तिच्यावरून खटले झाले, आणि पूल काही अजून झालेला नाही. एरवी मात्र आम्ही सुखदोलवाल्यांशी गुण्यागोविंदाने राहतो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांच्या, आधी मासोपुस्त नावाचा कार्निव्हल असतो, तेव्हा रोस्तोकी, ऊन्येतित्से आणि सुखदोल या तिन्ही गावांतून सोंगांच्या मिरवणुका निघतात आणि खोऱ्यावरच्या उघड्या टेकडीवर एकमेकींना भेटतात. अस्वल, घोडा, झाडूवाली म्हातारी, ढोल, गरम डोनट. गेल्या खेपेला सुखदोलच्या अस्वलाने माझ्या नवऱ्याला उचलून नाचवलं. त्याच अस्वलाच्या पाठीला रिंगरोडविरोधी बिल्ला लावलेला होता.

निवांत पाटील

मे महिन्यात प्रागला कामासाठी येतोय, एक दिवस मोकळा आहे. कसं करावं?

डोंगरउतार

रोस्तोकीला उतरू नका, पुढच्या रोस्तोकी-झालोव्हला उतरा. तिथून लेवी ह्रादेत्स जवळ, चढ एकदाच आणि सकाळी पाय ताजे असताना. मग पठारावरून गावात या, गढीचं संग्रहालय बघा, तिखे ऊदोलीतून ऊन्येतित्सेला. चर्च आतून बघायचं असेल तर ते रोज उघडं नसतं, आधी चौकशी करून या. ब्रुअरीत रोख पैसे जवळ असलेले बरे.

कडूलिंब

पाटील, ऊन्येतित्सेची दहा नंबरची बिअर आधी प्या, बारा नंबरची मागाहून. मी ब्रनोहून येतो त्या दिवशी, तारीख कळवा. चर्च तुम्ही बघा, मी टेकडीखाली थांबेन.